दुखणे अंगावर का काढतात?

‘दुखणे अंगावर काढले’ असे आपण मराठीत सहज म्हणतो. आजारी माणूस डॉक्टरकडे गेला नाही, काम करत राहिला, बरा होण्याची वाट पाहत राहिला, हे सगळे या तीन शब्दांत येते. दवाखान्याच्या कागदावर याच गोष्टीची नोंद ‘उपचारास विलंब’ अशी होते. आठवडे तेच असतात, माणूस तोच असतो. पण पहिल्या शब्दांत सोसणे दिसते आणि दुसऱ्यात चूक दिसते. दोन्ही वर्णने खरी आहेत. तरीही एकाच्या आधारे दुसरे समजत नाही, आणि त्यामुळे अनेक चांगली औषधे योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचत नाहीत. हे अंतर मोजण्याचे आणि कमी करण्याचे काम वैद्यक आणि मानवशास्त्र या दोन विद्यांनी मिळून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत केले आहे. त्यातला मोठा भाग आपल्याच राज्यात घडला आहे. त्याची ओळख करून देणे आणि वसईच्या पूर्वेला असलेल्या वालीवसारख्या गावाला त्याचा काय उपयोग, हे पाहणे असा या लेखाचा हेतू आहे.

वालीवच्या नाक्यावर

वालीव पूर्वी एक गाव होते. आज ते वसई-विरार शहर महानगरपालिकेचा भाग आहे. महानगरपालिका २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आणि अभयारण्य, जवळून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि मधल्या जागेत पत्र्याच्या छपरांचे कारखान्यांचे गाळे. गाळ्यांत काम करणारी माणसे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थान अशा दूरच्या मुलखांतून आली आहेत, तशीच मराठवाडा, खानदेश आणि कोकणातूनही. डोंगराच्या कडेला आदिवासी पाडे आहेत. जुने भूमिपुत्र आपापल्या आळ्यांत आहेत.

अशा ठिकाणी एखाद्याला पंधरा दिवस खोकला झाला तर तो काय करतो? आधी खोलीतला सोबती आले-गूळ सांगतो. मग औषधाच्या दुकानात जाऊन ‘खोकल्याचे काहीतरी’ मागितले जाते. मग संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा असणारा खासगी दवाखाना; तिथे एखादे इंजेक्शन मिळते आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येते. गावी फोन होतो, तिकडून कुणाची दृष्ट काढायला सांगितले जाते. पाड्यावरचा माणूस असेल तर भगताकडे विचारणा होते. महापालिकेच्या आरोग्य केंद्राची पाळी बहुधा शेवटी येते. तिथे औषध फुकट असते, पण वेळ सकाळची असते आणि सकाळी गेले की खाडा पडतो.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी तैवानमधील अभ्यासावर आधारलेल्या १९८० सालच्या ग्रंथात अशा सगळ्या मार्गांची एक मांडणी केली. प्रत्येक समाजात उपचाराची तीन क्षेत्रे असतात, असे त्यांनी दाखवले. पहिले घरचे आणि शेजाराचे, दुसरे परंपरेने मानलेल्या जाणकारांचे, तिसरे शिकलेल्या आणि नोंदणी झालेल्या व्यावसायिकांचे. आजारपणाचा सर्वांत मोठा भाग पहिल्या क्षेत्रातच निभावला जातो. डॉक्टरला रुग्ण दिसतो तो या प्रवासाच्या एखाद्याच थांब्यावर. त्याआधी काय झाले आणि त्यानंतर काय होणार, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

रोग वेगळा, दुखणे वेगळे

मानवशास्त्र म्हटले की मराठी वाचकाला इरावती कर्वे आठवतात. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी नातेसंबंध, जाती, कुटुंब यांचा अभ्यास केला आणि अखेरच्या काळात कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणीही केली. माणसांमध्ये जाऊन राहणे, त्यांच्या भाषेत त्यांचे म्हणणे ऐकणे, ते काय म्हणतात आणि काय करतात हे दोन्ही टिपणे, ही या विद्येची मुख्य रीत आहे. आरोग्याच्या क्षेत्रात ही रीत वापरली की त्याला वैद्यकीय मानवशास्त्र म्हणतात.

या शाखेच्या आरंभी ज्यांचे नाव घेतले जाते ते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स स्वतः डॉक्टर होते. १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत ते सामील झाले आणि पुढे निलगिरीतील तोडा लोकांवर त्यांनी १९०६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्यक, जादू आणि धर्म यांवरची त्यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आली. एखाद्या समाजाचे उपचार त्याच्या रोगाविषयीच्या समजुतीतून तर्काने निघतात, हा त्यांचा मुद्दा. समजूत चुकीची असेल, पण त्या समजुतीतून निघालेली कृती विचारहीन नसते.

पुढे या शाखेने एक भेद पक्का केला. शरीरातला बिघाड, जो तपासणीत सापडतो, तो रोग. त्या बिघाडाचा माणसाला येणारा अनुभव, त्याचा त्याने लावलेला अर्थ, ते दुखणे. रोग असून दुखणे नसते. वाढलेल्या रक्तदाबाचे अनेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून गोळी बंद होते. दुखणे असून तपासणीत रोग सापडत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ असे ऐकून रुग्ण नाराज होऊन बाहेर पडतो. डॉक्टर रोगावर बोलत असतो आणि रुग्ण दुखण्यावर. दोघांनाही वाटते की बोलणे झाले.

मराठी भाषेने हा सगळा व्यवहार शब्दांत साठवून ठेवला आहे. ‘हातगुण’ हा शब्द पाहा. औषध तेच, पण एका डॉक्टरचा ‘गुण येतो’ आणि दुसऱ्याचा येत नाही, यातून उपचारातल्या विश्वासाचे महत्त्व सांगितले आहे. ‘उतारा’ म्हणजे विषावरचे औषध, आणि ओवाळून टाकलेले अन्नही. ‘पाणी लागले’ म्हणजे नवा मुलूख मानवला नाही. ‘बाहेरचे’ म्हणजे ज्याचे कारण शरीरात नाही असे काही. ‘पथ्य’ तर आयुर्वेदातून घरोघरी आलेले. औषधासोबत काय खायचे हे डॉक्टरने सांगितले नाही तर उपचार अर्धा राहिल्यासारखे वाटते. हे शब्द ज्याच्या तोंडी आहेत त्याच्या मनात आजाराचा एक नकाशा आहे. तो नकाशा न पाहता दिलेली चिठ्ठी त्याच्या वाटेत कुठे बसेल, हे सांगता येत नाही.

देवीच्या रोगाचे उदाहरण घेऊ. मराठीत रोगाचे नाव ‘देवी’. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली. पुढे ही लस महाराष्ट्रभर गेली तेव्हा लोकांनी तिला काय नाव दिले? ‘देवी काढणे’. रोग देवीचा आणि लसही देवीचीच. नव्या गोष्टीला जुन्या शब्दात जागा मिळाली. लसीकरणाला विरोध झाला नाही असे नाही, सक्तीही झाली; पण शेवटी १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदवला गेला, आणि ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग मात्र त्यानंतरही आजी-आजोबांच्या दंडावरच्या खुणेसोबत टिकून राहिला.

प्लेगने दिलेला धडा

समाजाची रीत न पाहता वैद्यक चालवले तर काय होते, याचा महाराष्ट्राला मिळालेला सर्वांत कठोर धडा म्हणजे प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांना घराघरांत पाठवले. रुग्ण शोधणे, त्याला वेगळे करणे, घर रिकामे करून धुणे, ही उपाययोजना त्या वेळच्या वैद्यकीय समजुतीला धरून होती. परंतु सोवळ्याचे स्वयंपाकघर, देवघर, बायकांची माजघरे यांत बूट घालून शिरलेले सैनिक, परक्या पुरुषांनी स्त्रियांच्या अंगाची केलेली तपासणी आणि रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही ही भीती, या सगळ्याचा परिणाम उलटा झाला. लोक रुग्ण लपवू लागले, प्रेते लपवू लागले, गावे सोडून पळू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आपण ही घटना राजकीय इतिहासात वाचतो. आरोग्याच्या इतिहासातही तिला जागा आहे.

त्याच साथीत दुसरी रीतही दिसली. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई रुग्णांना स्वतः तेथे नेत होत्या आणि त्याच सेवेत प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. आपल्या भाषेत बोलणारी माणसे आणि आपल्या रीतीचे अन्न असलेल्या ठिकाणी लोक जास्त सहज गेले. सरकारलाही पुढे सक्ती सैल करावी लागली.

साथरोगाचा तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. मे महिन्यात वसईच्या मैदानावर श्रमिक रेल्वेसाठी हजारो मजुरांची गर्दी झाली होती. त्या गर्दीत रोगाची भीती कमी होती असे नव्हे. खोलीचे भाडे, बंद गाळा आणि परमुलखात मरण येण्याची भीती तिच्याहून मोठी होती. ‘अंतर पाळा’ हे सांगणाऱ्याला एका खोलीत आठ जण आळीपाळीने झोपतात हे माहीत असते, तर सूचनाही वेगळी झाली असती.

कुरू: दोन विद्या मिळून सुटलेले कोडे

मानवशास्त्र केवळ रुग्णाची मनधरणी शिकवते, असा एक समज आहे. रोगाचे कारण शोधण्यातही त्याचा हात लागतो, याचे ठळक उदाहरण पापुआ न्यू गिनीतील ‘कुरू’ या रोगाचे. फोरे लोकांमध्ये माणूस थरथरू लागे, चालणे जाई आणि काही महिन्यांत मृत्यू येई. मरणाऱ्यांत बायका आणि मुले फार, प्रौढ पुरुष थोडे. १९५७ पासून कार्लटन गायडुसेक व त्यांचे सहकारी यावर काम करत होते. रोग घराण्यांत दिसत असल्याने तो आनुवंशिक असावा, असे काहींना वाटत होते.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे मानवशास्त्रज्ञ तिथे राहिले. त्यांनी वंशावळी लिहून घेतल्या आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी विचारल्या. आपल्या गावात पहिल्यांदा हा रोग कुणाला झाला, हे लोकांना नावानिशी आठवत होते. म्हणजे रोग जुना नव्हता. केवळ आनुवंशिक असता तर तो असा हयातीतल्या आठवणीत अवतरला नसता. मृत नातेवाइकांचे मांस अंत्यविधीत खाण्याची चालही फार जुनी नव्हती, आणि त्यात वाटा प्रामुख्याने बायका-मुलांचा असे. आकडे जुळले. प्रयोगशाळेत चिंपांझींना हा रोग देता आला. १९७६ मध्ये गायडुसेक यांना नोबेल मिळाले. ती चाल बंद झाल्यावर रोग ओसरत गेला. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसत नव्हते, त्याकडे बोट दाखवले गेले ते नातेसंबंधांच्या तक्त्यांनी आणि आठवणींनी.

मुंबईचे कुष्ठरोग केंद्र आणि गडचिरोली

आपल्याकडचे काम याहून कमी नाट्यमय पण जास्त उपयोगी आहे. मुंबईत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिचेल वाइस, डॉ. डी. आर. डुंगाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात एक मुलाखत-पद्धती घडवली. १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि आज जगभर निरनिराळ्या रोगांसाठी वापरली जाते. तिच्यात रुग्णाला काय त्रास होतो, तो कशाने झाला असे वाटते, आजवर कुठे कुठे मदत मागितली आणि लोकांना कळले तर काय होईल, हे क्रमाने विचारले जाते. उत्तरे रुग्णाच्या शब्दांत टिपली जातात आणि मोजताही येतात.

कुष्ठरोगासाठी हे का लागले? औषधांनी जंतू मरतात, पण ‘महारोगी’ हा शब्द मरत नाही. रुग्णाची झोप, लग्न, कामधंदा, घरातला पाण्याचा पेला हे त्या शब्दावर ठरत असते. चट्टा बधिर आहे हे कळूनही माणूस तो बाहीखाली झाकून ठेवतो तो याच भीतीने, आणि तेवढ्या काळात नसांची हानी होत राहते. म्हणजे लाज ही या रोगात केवळ मनाची बाब राहत नाही. ती बोटे वाकवते.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ संस्थेतर्फे केलेले काम मराठी वाचकाला परिचित आहे. त्यातली पद्धत मात्र नीट पाहायला हवी. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष दिले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. इतकी दुखणी इतक्या काळ कुणालाच का दिसली नाहीत? कारण ‘अंगावरून जाणे’ हे बाईच्या वाट्याला येणारच असे मानले जात होते, आणि सांगायचे तर पुरुष डॉक्टरला सांगायचे. राणीताईंनी बायकांकडून त्यांचे शब्द शिकून घेतले. त्या कशाला रोग म्हणतात, कशाला नाही, आणि लपवतात ते का, हे समजल्यावर तपासणी शक्य झाली.

दुसरे उदाहरण मुलांच्या न्यूमोनियाचे. निदानाची खूण सोपी आहे: मिनिटाला श्वास किती. पण सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी वाळूच्या घड्याळासोबत मण्यांची दांडी केली गेली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर न्यूमोनिया. सुईणीला अंक शिकवत बसण्यापेक्षा तिला जे येते त्यावर साधन उभे केले. तसेच नवजात बाळाचे. बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत ही रीत आहे, तर गावातली शिकवलेली बाई घरी जाईल. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाते त्यामागे हा अनुभव आहे.

आदिवासींसाठी रुग्णालय बांधतानाही आधी त्यांनाच विचारले गेले. मोठी इमारत परकी वाटते, आपली भाषा कुणी बोलत नाही, नातेवाइकांना जवळ राहता येत नाही, ही त्यांची उत्तरे होती. म्हणून शोधग्रामात रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे झाले, नातेवाइकांना सोबत राहायची सोय झाली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. आतली औषधे आणि शस्त्रक्रिया मात्र आधुनिक शास्त्राच्याच.

तपासणी डॉक्टरांचीही

‘लोकांच्या समजुती’ हा शब्द वापरताना एक धोका असतो. जणू समजुती फक्त रुग्णाला असतात आणि डॉक्टरला ज्ञान असते. मानवशास्त्राने दवाखान्यालाही एक गाव मानून पाहिले आणि तिथल्या चालीरीती टिपल्या.

मुंबईतील क्षयरोगाचे दोन अभ्यास या बाबतीत बोलके आहेत. १९९१ मध्ये डॉ. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत झोपडपट्टी भागातील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना सांगितल्या. सुमारे वीस वर्षांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीत १०६ डॉक्टरांना पुन्हा तेच विचारले. ६३ वेगवेगळ्या चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या योग्य फक्त सहा डॉक्टरांच्या. औषधाला न जुमानणारा क्षय वाढला की ‘रुग्ण गोळ्या नीट घेत नाहीत’ असे म्हटले जाते. तेही घडते. पण गोळ्या नीट लिहूनच दिल्या गेल्या नाहीत, ही बाजू रुग्णाच्या अडाणीपणात दडून जाते.

‘संस्कृती’ हा शब्द दारिद्र्यावर पांघरूण घालण्यासाठीही वापरला जातो. पॉल फार्मर हे डॉक्टर आणि मानवशास्त्रज्ञ. त्यांनी हैतीतील क्षय आणि एड्सवर काम करताना याविरुद्ध आयुष्यभर लिहिले. रुग्ण काय मानतो याने उपचार पूर्ण होतो की नाही हे ठरत नाही. त्याच्या ताटात काय आहे आणि दवाखाना किती दूर आहे याने ते अधिक ठरते, हे त्यांचे सांगणे होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीविषयीच्या समजुतींवर बोट ठेवून हा आकडा समजत नाही. खाड्याचा दंड, मुकादमाची उचल, फडात नसलेली न्हाणी आणि खासगी दवाखान्याचा सल्ला, हे सगळे एकत्र ठेवावे लागते.

पालघरने हे जवळून पाहिले आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२ मध्ये राज्यभर गाजले. तेव्हा आणि नंतरही भगताकडे जाणाऱ्या आईवर दोष गेला. पावसाळ्यात रोजगार नसलेले घर आणि पुरात तुटणारी वाट यांची चर्चा मागाहून झाली.

आदर कुठपर्यंत?

एक शंका इथे योग्यच आहे. सगळ्यांच्या समजुती समजून घ्यायच्या म्हणजे अंधश्रद्धेला मान द्यायचा का? याचे उत्तर स्पष्ट असायला हवे. समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. सर्पदंशाला प्रतिविष हाच उपाय आहे. मंत्राने विष उतरत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि ते योग्य आहे.

पण कायद्याचे काम जिथे संपते तिथे एक प्रश्न उरतो. साप चावल्यावर माणूस आधी भगताकडे का जातो? भगत पाड्यातच आहे, रात्री दोन वाजता दार उघडतो, रागावत नाही, उधारी ठेवतो. प्रतिविष असलेला दवाखाना दूर आहे. या चारही गोष्टींत श्रद्धेचा भाग थोडाच आहे. म्हणून भगताला ‘तू काही कर, पण गाडी आधी बोलाव’ एवढे पटवणे हा जीव वाचवण्याचा मार्ग होऊ शकतो. त्यासाठी त्याच्याशी कुणीतरी बोलले पाहिजे.

वालीवमध्ये हे कसे वापरावे

आता पुन्हा वालीवच्या खोकल्याकडे येऊ. समजा, तपासणीत क्षयरोग निघाला. उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. औषधे सरकारी केंद्रात फुकट. निक्षय पोषण योजनेचे महिना ५०० रुपये २०१८ पासून होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. कागदावर यात अडचण काही नाही.

दुखण्याच्या बाजूने पाहू. या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लाल होते. हे निरुपद्रवी आहे. पण ज्याच्या मनात औषधाची ‘गरमी’ पक्की बसली आहे, त्याला पहिल्याच दिवशी पुरावा मिळतो. तो गोळ्या एक दिवसाआड घेऊ लागतो, ताक पितो, आणि डॉक्टरला सांगत नाही. यावर उपाय एका वाक्याचा आहे: ‘लघवी लाल होईल, घाबरू नका, औषध पोटात गेल्याची ती खूण आहे.’ हे वाक्य रुग्णाच्या भाषेत, भोजपुरीत किंवा ओडियात, पहिल्या दिवशी सांगितले गेले पाहिजे.

पुढची अडचण गाळ्याची. ठेकेदाराला कळले तर काम जाईल, खोलीतल्या सोबत्यांना कळले तर खोली जाईल. म्हणून गोळ्यांचे पाकीट लपते. कामगार राज्य विम्यात नाव असलेल्या कामगाराला आजारपणाची भरपाई मिळते. क्षयासारख्या दीर्घ रोगात ठरावीक अटी पूर्ण असतील तर ८० टक्के दराने जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. नाव नोंदलेले नसेल तर यातले काही नाही. तेव्हा ‘क्षयरोगी औषध का सोडतो’ या प्रश्नाचे एक उत्तर हजेरीपटावर सापडते.

आणि तिसरी अडचण दिवाळीची. दिवाळी-छठला गाळे बंद होतात आणि माणसे गावी जातात. दहा दिवस म्हणून गेलेला माणूस लग्न, पेरणी, आजारी आई यांत महिनाभर राहतो. पिशवीत गोळ्या दहा दिवसांच्याच असतात. निक्षयची नोंद देशभर चालते, त्यामुळे उपचार दुसऱ्या राज्यात वळवता येतो. पण त्यासाठी जाण्याआधी कुणीतरी ‘गावी कधी जाणार?’ हे विचारायला हवे. हा प्रश्न तपासणीच्या छापील अर्जात असेलच असे नाही. मजुरांचे वर्ष कसे चालते हे ज्याला माहीत आहे, त्यालाच तो सुचतो.

क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांसाठी काही प्रश्न १९७८ मध्ये सुचवले होते. आपल्या बोलीत ते असे विचारता येतील. तुम्हाला काय झाले आहे असे वाटते? कशामुळे झाले असेल? तेव्हाच का झाले? याने तुमचे काय काय अडले? कुठले उपचार व्हावेत असे वाटते? सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? गर्दीच्या दवाखान्यात सगळे प्रश्न विचारायला वेळ नसतो, हे मान्य. शेवटचा एक जरी विचारला तरी पुष्कळ कळते. ‘मरेन’ असे उत्तर फार थोडे देतात. ‘काम जाईल’, ‘मुलीचे लग्न मोडेल’, ‘गावी कळेल’ अशी उत्तरे येतात. औषध चालू राहील की सुटेल, हे बहुधा या उत्तरातच असते.

आपल्या जिल्ह्यात या दृष्टीची परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळा मुलांकडे नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात भरवली. आरोग्यालाही हेच लागू आहे. संध्याकाळी सहानंतर उघडे राहणारे एक केंद्र, रुग्णांची बोली जाणणारी एक आशा, ठेकेदाराच्या हजेरीपटाची तपासणी आणि दिवाळीपूर्वी महिनाभराच्या गोळ्या बांधून देण्याची पद्धत, एवढ्याने वालीवमधल्या कित्येक खोल्यांतला उपचार पूर्ण होऊ शकेल. यासाठी नवे औषध शोधावे लागणार नाही. या दिवाळीत तुमच्या गाळ्यातला, चाळीतला किंवा घरकामाचा माणूस गावी निघाला असेल आणि बरेच दिवस खोकत असेल, तर त्याला मिठाईच्या पुड्यासोबत दोन प्रश्न विचारा. खोकला किती दिवसांचा आहे? आणि औषध चालू असेल तर परत येईपर्यंत पुरेल का?